दाताच्या कण्या

सतरा वर्षं मी या आवाजावर झोपलो आहे, नेलिदा.
आधी वाटलं, भिंतीत उंदीर आहे.
मग वाटलं, वरच्या मजल्यावर कुणीतरी
वाळूवरून खुर्ची ओढतंय.
मग कळलं, तू.

दिवसभर तू न्यायालयात बसतेस,
न्यायाधीशांच्या खालच्या पायरीवर,
आणि लोक बोलतात ते टिपतेस.
कुणी कुणाला काय केलं, कितीदा, कशानं.
चेहऱ्यावरची रेघ हलू द्यायची नाही, तेच तुझं काम.
खोकल्यालाही कंसात जागा.
लोक मूग गिळतात,
तू फायलीच्या फायली गिळल्यास
आणि दिवा मालवल्यावर दळायला काढल्यास.

मी पारानाच्या धक्क्यावर ट्रक तोलतो.
सोयाबीन, मका, कधी गहू.
भरलेला ट्रक आणि रिकामा ट्रक,
मधला फरक मला काट्याआधी कळतो.
तुझा नाही कळला.

कुणाला तरी दाखव, दाखव, म्हणून
मी दाताच्या कण्या केल्या.
तुझ्या खरोखरच झाल्या:
फेब्रुवारीत पीच खाताना दाढेचा कोपरा निखळला.
पीच! त्याहून मऊ काय असतं?

डॉक्टर साराचू म्हणाले, चावा.
तू दात आवळलेस. दोन्ही गालांत दोन अक्रोड उठले.
सोडा, म्हणाले.
अक्रोड तसेच.
सोडा, बाई.
"सोडलंय की," तू म्हणालीस, दात न उघडता.

निळ्या पेनानं इकडे तीन ठिपके, तिकडे तीन.
बाटली करंगळीच्या पेराएवढी, तळाशी जणू काहीच नाही.
औषधाचं नाव ऐकून तू हसलीस.
मला वाटलं, भीतीनं.
पण तुला आई आठवली होती,
दोन्या एर्सिलिया, दर मार्चला
वांग्याच्या फोडी व्हिनेगर-तेलात मुरवणारी,
आणि एखाद्या बरणीचं झाकण जरासं फुगलेलं दिसलं
की ती न उघडताच परसात खोल पुरणारी.
याला वास नसतो, पोरी.
आधी पापण्या पडतात, मग श्वास.

तेच हे, डॉक्टर म्हणाले. कणाचाही कण.
आई जन्मभर ज्याला भ्यायली
ते सहा टोचण्यांत तुझ्या गालात उतरलं.
तू हात माझ्या हातात दिला नाहीस.
पर्स धरून बसलीस.

आठवडाभर काहीच नाही.
मग रविवारी बाबांच्या अंगणात
निखाऱ्यांवर बरगड्या भाजल्या.
तू एक घास घेतलास, चावत राहिलीस,
चावतच राहिलीस,
आणि हळूच रुमालात ठेवलास.
बाबांनी पाहिलं. आमच्या घरात
मांस नाकारणं म्हणजे लग्न नाकारणं.
"मीठ कमी पडलं?"
"जोर कमी पडला," म्हणालीस,
आणि घोटलेला भोपळा पुढे ओढलास.

मग इतक्या वर्षांत पहिल्यांदा
जेवताना कोर्टातलं काही सांगितलंस.
फार मोठं नाही. साक्षीला आलेल्या एका पोरानं
मध्येच तुला विचारलं होतं,
मी रडतोय, तेही लिहिताय का?
"मग? काय लिहिलंस?" बाबा.
"विराम."
चरबी निखाऱ्यावर पडून चुरचुरली.
कुणी दुसरी बरगडी उचलली नाही.

त्या रात्री घर गप्प.
मी टक्क जागा. फ्रिज ऐकला,
नदीवरच्या बोटीचा भोंगा ऐकला,
स्वतःचं पोट ऐकलं.
तुझं तोंड किंचित उघडं, उशीवर ओला डाग.
घाबरून तुझ्या नाकाशी बोट धरलं.
होता. श्वास होता.

तीन महिने, म्हणाले होते डॉक्टर, फार तर चार.
मग स्नायूला आपली जुनी वाट सापडते.
जुलैच्या थंडीत एखाद्या रात्री
वाळूवरून खुर्ची सरकेल, अगदी हलके.
मला ओळखू येईल.
या वेळी कूस बदलणार नाही.
उठवीन तुला, दिवा लावीन,
आणि विचारीन,
विरामात काय होतं?